तंजावरची भाची

ही गोष्ट आपल्याला माहीत आहे, असं माझ्या नवऱ्याला वाटतं. पाहुणे आले, जेवणं आटोपली, बडीशेप फिरायला लागली की तो हमखास ती सांगतो — चेन्नईच्या आमच्या घरमालकांनी एका श्रीलंकेच्या बाईला घरात कसं लपवलं, पोलीस कसे आले, आणि त्या भानगडीतून त्याची बायको आणि तान्हं पोर कसं थोडक्यात सुटलं. छान रंगवून सांगतो तो. लोक माझ्याकडे कणवेने बघतात. "एकटी होतीस ना गं तेव्हा!" कुणीतरी म्हणतं. मी बडीशेपेची वाटी पुढे सरकवते.

ती गोष्ट खोटी आहे. म्हणजे — माणसं खरी, पोलीस खरे, पोर खरं. पण त्या गोष्टीत ज्या जागी घरमालक उभे आहेत, तिथे मी उभी असायला हवी होते. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही. देवापुढे बसून मनातल्या मनातसुद्धा मी ते कधी शेवटापर्यंत म्हटलेलं नाही, मध्येच काहीतरी काम आठवतं. आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही जात नाहीये.

दोन हजार आठ साल. मी शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. नितीन — माझा नवरा — प्रोजेक्टसाठी न्यू जर्सीला गेला होता, आणि व्हिसा झाला की मी ईशानला घेऊन मागून जायचं ठरलं होतं. आम्ही दोघंही सांगलीकडचे. बाळंतपणाला आई आली होती, पण वडिलांच्या अंगावरून वारं गेलं आणि तिला घाईने परतावं लागलं. ईशान तेव्हा धड बसतही नव्हता. मीही सांगलीला जाऊ शकले असते का? शकले असते. पण नुकतीच टीम लीड झाले होते. सोडवत नव्हतं. हे पहिल्यांदा सांगून टाकते, कारण पुढे तुम्हाला वाटेल की माझा नाइलाज होता. तसा तो नव्हता.

आम्ही पेरुंगुडीला एका आतल्या गल्लीत राहत होतो. मोठ्या रस्त्यावर काचेच्या इमारती झाल्या होत्या, पण गल्लीत अजून नारळ होते, दारोदारी कोलमच्या रांगोळ्या होत्या. वर आम्ही, खाली घरमालक — रेल्वेतून निवृत्त झालेले रघुनाथराव आणि त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई. सगळी गल्ली त्यांना मामा-मामी म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. ती तंजावरची मराठी माणसं. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी तिकडे गेले ते तिथलेच झाले. पण घरात अजून मराठी. पहिल्यांदा मामांनी "बाळ, तुम्हांस काय हवें तें सांगा, लाजूं नका" असं म्हटलं तेव्हा मला हसू आवरेना — शब्द जुन्या पोथीतले आणि हेल तमिळ! नितीन त्यांची नक्कल करायचा. मग हळूहळू व्हायचं असं, की त्यांच्याशी बोलून वर आलं की आपलीच मराठी उद्धट वाटायची.

आता तिच्याबद्दल.

माझ्या ऑफिसातली लता हैदराबादला बदली घेऊन निघाली होती. तिच्या मुलीला सांभाळणारी बाई मोकळी होणार होती. "सोन्यासारखी आहे," लता म्हणाली, "फक्त एक आहे. तिच्याकडे कागद नाहीत." कुठली, विचारलं तर तिने खिडकीबाहेर बोट केलं. आमच्या मजल्यावरून समुद्राची पट्टी दिसायची. "त्या पलीकडची."

तिचं नाव योगेश्वरी. योगा म्हणायचे सगळे. किलिनोच्चीजवळच्या कुठल्याशा खेड्यातली. तिकडे लढाई पुन्हा पेटली तेव्हा दिराबरोबर होडीतून आली. नवरा म्हाताऱ्या आईला घेऊन मागाहून येणार होता. होडीवाल्याने त्यांना धनुष्कोडीच्या अलीकडे वाळूच्या पट्ट्यावर सोडलं. बरोबरची माणसं सरकारच्या ताब्यात गेली आणि मंडपमच्या निर्वासित छावणीत पोहोचली — रीत तीच होती, नाव नोंदवायचं, कार्ड घ्यायचं. पण दिराच्या डोक्यात तिथून पुढे कॅनडाला जायचं होतं. त्याने तिला कोळ्यांच्या मदतीने परस्पर चेन्नईला आणलं. मग तो एकटाच कुठेतरी पुढे गेला, आणि ही राहिली. नोंद नाही, कार्ड नाही. सरकारदरबारी ती इथे नव्हतीच.

असं राहणं गुन्हा होता. अशा माणसाला घरात ठेवणं हाही गुन्हा होता. मला हे ठाऊक नव्हतं असं मी पुढे लिहून दिलं आहे, माझ्या सहीनिशी. मला ठाऊक होतं. लताने सांगितलं होतं, आणि मी स्वतः ऑफिसच्या संगणकावर तो कायदा वाचला होता. पाच वर्षांपर्यंतची कैद. वाचून झाल्यावर मी ते पान बंद केलं आणि योगाला सोमवारपासून ये म्हणून निरोप दिला. मामांना सांगितलं — रामेश्वरकडची आहे.

ती आली आणि माझं घर घर झालं. मी तिच्याबद्दल चांगलं बोलायला लागले की मला माझाच संशय येतो, पण हे खरं आहे. ईशान तिच्या खांद्यावर मान टाकून झोपायचा. तिची तमिळ इतकी स्वच्छ, सावकाश होती की माझ्यासारख्या अडाणी बाईलाही कळायची. आणि धोका तिथेच होता. इथली माणसं होकाराला 'आमा' म्हणतात. ती 'ओम' म्हणायची. एवढ्या एका शब्दावरून बाई कुठली ते कुणीही ओळखलं असतं. मी तिला 'आमा' म्हणायला शिकवलं. स्वयंपाकघरात बसून आम्ही सराव करायचो — जेवलीस का? आमा. दूध तापलं का? आमा. ती तोंडावर पदर घेऊन हसायची. पण झोपेत, घाईत, लाडात — ओमच यायचं. ईशानचा पहिला शब्द तोच. सांगलीला सासूबाईंनी फोनवर ऐकला आणि त्यांना भरून आलं — नातवाने पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं!

ती कधी रजा मागत नसे. सणाला नाही, आजारपणात नाही. जाणार कुठे? गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा एकटी जायची नाही. बाकीच्या मैत्रिणी त्यांच्या बायकांच्या दांड्यांबद्दल कुरकुरायच्या तेव्हा मी गप्प बसून ऐकायचे, आणि मनातून — कसं सांगू — मनातून मला बरं वाटायचं. तिच्या भीतीवर माझं घर सुरळीत चाललं होतं.

उन्हाळ्यात केव्हातरी पोलिसांची गल्लोगल्ली चौकशी सुरू झाली. भाडेकरू कोण, नवीन कोण. मी ऑफिसात होते. मामा बाहेर ओट्यावर पेपर वाचत होते आणि योगा ईशानला कडेवर घेऊन पायरीपाशी उभी होती. शिपायाने विचारलं, ही कोण? मामांनी सांगितलेलं हे — योगाने ईशानला इतकं घट्ट धरलं की तो कळवळून रडला. मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग शिपायाला म्हणाले, "माझी भाची. तंजावरची." शिपाई पुढच्या घरी गेला.

संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. मामी आत होत्या. मामा म्हणाले, "बाळ, मी आज पोलिसापुढें खोटें बोललों. जन्मांत प्रथम. आतां तुम्ही खरें बोला. रामेश्वराकडचे लोक मज ठाऊक आहेत. ही कोठची?"

मी सांगितलं. सगळं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा एक पुतण्या वकील होता, त्याच्याशी बोलतो म्हणाले. दोन दिवसांनी त्यांनी उत्तर आणलं. आपणहून हजर झाली तर तिला छावणीत घेतील, नोंद होईल, कार्ड मिळेल. आपणहून गेलेल्यांशी सहसा कठोर वागत नाहीत. आपल्यालाही थोडे प्रश्न विचारतील, ताकीद देतील. पण पोलिसांनी पकडली तर गोष्ट निराळी — तिच्यावर खटला, आणि आसरा देणाऱ्यावरही. "मी तुमच्यासंगें येतों," मामा म्हणाले. "तिघें जाऊं. उद्यां."

माझी व्हिसाची मुलाखत तोंडावर आली होती. आणि त्याआधी पोलिसांच्या दप्तरात माझं नाव? "मामा," मी म्हणाले, "एवढी मुलाखत होऊ दे. मग लगेच जाऊ."

त्यांनी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. मग मान हलवली. "इरुक्कट्टुम," म्हणाले. असू दे.

पोलीस मुलाखतीच्या आधीच आले. सकाळी, दोन साध्या कपड्यांतले पुरुष आणि एक महिला शिपाई. कुणी कळवलं ते मला आजही माहीत नाही. गॅसवर ईशानची पेज होती. मामा नुकती आंघोळ करून ओल्या पंच्यानेच वर आले, मागून मामी. त्यांतल्या साहेबाने योगाला नाव विचारलं; मी शिकवून ठेवलेलं खोटं नाव तिने न अडखळता सांगितलं. "तंजावरची?" त्याने विचारलं.

"ओम," ती म्हणाली.

तो किंचित हसला. मग माझ्याकडे वळला. अगदी अदबीने विचारलं त्याने, इंग्रजीत — मॅडम, हिला या घरात कुणी आणलं?

बघा, या वाक्यापाशी मी नेहमी थांबते. नितीनच्या गोष्टीत हे वाक्यच नाही. त्याच्या गोष्टीत पोलीस सरळ मामांनाच विचारतात.

मी म्हणाले, "मला काही माहीत नाही. घरमालकांची भाची आहे, असं मला सांगण्यात आलं होतं."

मामी मागून किंचाळल्याच, "अहो, ह्या काय बोलतात?" मामांनी हात वर करून त्यांना थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्या कडेवरच्या ईशानकडे पाहिलं. आणि साहेबाला तमिळमध्ये म्हणाले — होय, तंजावरची भाची असं मीच सांगितलं होतं.

ते खोटं बोलले नाहीत. शिपायाला त्यांनी तसं सांगितलं होतंच. खोटं बोलले ती मी, आणि तेही त्यांचेच शब्द उचलून.

योगाला सगळं कळलं. इंग्रजी येत नसलं तरी कुणाकडे बोट गेलं हे कळायला भाषा लागत नाही. तिनेही माझं नाव घेतलं नाही. जिना उतरताना मागे वळून तिने एवढंच म्हटलं, "अक्का, पेज उतू जाईल."

तुम्हाला वाटलं असेल, झालं, कबूल केलं बाईने. मलाही बरीच वर्षं वाटायचं की माझा गुन्हा तो एवढाच — घाबरलेली आई, एक वाक्य. घाबरलेल्या आईला कोण काय म्हणेल? पण मघाशी मी एक गोष्ट वगळली. मामांनी वकिलाचं उत्तर आणलं त्या दिवशीची.

त्या दिवशी मी वर आले तेव्हा योगा दारातच उभी होती. तिने खालचं बोलणं ऐकलं होतं, मराठीतलं किती कळलं कुणास ठाऊक, पण 'मंडपम' कळलं होतं. तिचा चेहरा उजळला होता. "अक्का, मी जाते," म्हणाली. "उद्याच जाते. तिथे आमच्या गावची माणसं असतील. तो आला तर आधी तिथेच शोधेल ना मला?" तो म्हणजे तिचा नवरा. इतके महिने तिच्या मनात हेच होतं, आणि तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं; छावणीबद्दल दिराने घातलेली भीती होती. मामांच्या शब्दाने ती भीती गेली. ती तयार होती. तिला फक्त कुणीतरी जा म्हणायला हवं होतं.

मी म्हणाले, "वेडी आहेस का? छावणीत घेत नाहीत आता. होडीत घालून परत पाठवतात."

हे मला कुठे कळलं होतं? कुठेच नाही. त्या क्षणी तोंडातून आलं. तिच्या चेहऱ्यावरचं ते उजळलेपण विझताना मी पाहिलं, आणि पाहून मला — हायसं वाटलं. मुलाखतीपर्यंत तरी पोराला कोण सांभाळणार, हा प्रश्न सुटला होता. रात्री ती ईशानला थोपटत बसली होती. मी दिवा मालवला.

म्हणजे समजलं ना? ती पकडली गेली ती माझ्यामुळे. मामा अडकले तेही माझ्यामुळेच. आणि व्हिसा हे सगळं कारणही नव्हतं. मला दुसरी बाई शोधायची नव्हती.

योगाला कोर्टाने आधी तुरुंगात आणि मग कुंपणाआडच्या एका वेगळ्या छावणीत पाठवलं, असं कळलं. मामांवर दोन आरोप लागले — बिनकागदाच्या परदेशी माणसाला आसरा दिल्याचा, आणि सरकारी नोकराला खोटी माहिती दिल्याचा. जामीन मिळेपर्यंत काही आठवडे ते आत होते. तेवढ्यात मी घर सोडलं. "लहान मूल आहे, पोलिसांची ये-जा बरी नाही," मी मामींना म्हणाले. मामी उंबऱ्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाळाचें झबलें गच्चीवर वाळत राहिलें आहे. तें घेऊन जा."

व्हिसा मिळाला. मुलाखत घेणारा माणूस ईशानकडे बघून हसला. त्या वर्षाच्या शेवटी आम्ही न्यू जर्सीला होतो, बाहेर बर्फ पडत होता, आणि नितीनने पहिल्यांदा ती गोष्ट पाहुण्यांना सांगितली.

मामांच्या खटल्यात मी साक्षीदार होते. माझ्या नावाचं समन्स पेरुंगुडीच्या पत्त्यावर जाऊन परत गेलं. मी देशात नव्हते.

इथेही थांबता आलं असतं. पण पुढच्या वर्षी मी गेले तिथे. भावाचं लग्न होतं म्हणून सांगलीला आले होते. ईशानला आईकडे ठेवून चार दिवस चेन्नईला गेले — भविष्यनिर्वाह निधीचं काम राहिलं होतं, लग्नाच्या साड्या घ्यायच्या होत्या. वेळच्चेरीला एका मैत्रिणीकडे उतरले. आणि पेरुंगुडीला का गेले? खरं सांगायचं तर, सगळं आलबेल असेल, मिटलं असेल, आणि ते बघून आपण मोकळे होऊ, या आशेने.

मामा ओट्यावर नव्हते. आत खुर्चीत होते, अर्धे झालेले. मला बघून उठायला लागले. "बाळ कसें आहे? चालतें?" हाच पहिला प्रश्न. मामींनी कॉफी आणली, टंबलर माझ्यासमोर ठेवला. मामाच बोलत राहिले. योगाला आता साध्या छावणीत आणलं होतं. ते एकदा जाऊन भेटून आले होते. लढाई संपली होती, पण नवऱ्याचा पत्ता नव्हता. त्याच्या गावची काही माणसं छावणीत होती. त्यांनी सांगितलं की तो कधीचाच निघाला होता, बायको कुठल्या छावणीत आहे याचा निरोप येईल म्हणून किनाऱ्यावर थांबला, आणि निरोप आला नाही तसा मागे फिरला. त्यानंतर त्याला कुणी पाहिलं नाही.

मामा हे सांगत होते ते त्यांना सहज कळलेलं म्हणून. मी तिला काय सांगून अडवलं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. योगाने त्यांनाही सांगितलं नव्हतं. मी टंबलर खाली ठेवला, तो कलंडला.

मग मामींनी तोंड उघडलं. त्यांची मुलगी सिंगापूरला असते, तिचं बाळंतपण झालं होतं. मामी एकट्याच जाऊन आल्या. मामांचा पासपोर्ट कोर्टात जमा. नातवाला त्यांनी अजून हातात घेतलेलं नव्हतं. "मंगळवारीं तारीख आहे," मामी म्हणाल्या. "वकील म्हणतो, बाईला घरांत कोणीं आणलें तें त्या माणसानें स्वतः येऊन सांगितलें तर ह्यांचें ओझें उदंड हलकें होईल—"

"रुक्मिणी," मामा म्हणाले. "पुरे. त्यांचें बाळ लहान आहे."

मी म्हणाले, "मी येते. मंगळवारी मी येते, मामा. खरं काय ते सांगते."

कुणी मागितलं नव्हतं. म्हणजे मामांनी नव्हतं मागितलं. मी आपणहून म्हणाले, आणि म्हणताना मला ते खरं वाटत होतं, शपथेवर सांगते. मामींनी माझा फोन नंबर घेतला. निघताना मला देवघरापाशी नेऊन हळद-कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. बोटं माझ्या कपाळावर जरा जास्तच वेळ राहिली. मामा दारापर्यंत आले. "बळजबरी नाहीं, बाळ," म्हणाले. "मनाला येईल तें करा."

सोमवारी मी एका वकिलाला विचारलं — माझं नाही, मैत्रिणीचं म्हणून. तो म्हणाला, तुमच्या मैत्रिणीने असं सांगितलं तर ती आरोपी होईल. आसरा दिला म्हणून, शिवाय आधी खोटा जबाब दिला म्हणून. पासपोर्ट जमा होईल. परत कधी जाता येईल सांगता येत नाही.

म्हणजे मामांचं जे झालं होतं तेच. नेमकं तेच.

मंगळवारी सकाळी मी आंघोळ करून, साधी साडी नेसून तयार झाले. रिक्षा बोलावली. रिक्षावाल्याने विचारलं, कुठे? आणि मी म्हणाले, टी. नगर.

किती सहज म्हणाले! आधी ठरवलेलं नव्हतं. निदान मला आठवत नाही ठरवल्याचं. तिथलं साड्यांचं दुकान नुकतंच उघडलं होतं, गादीवर पांढऱ्या चादरी ताणलेल्या होत्या. विकणारा माणूस एकेक कांजीवरम उलगडून दाखवत होता. पर्समध्ये फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. दुकानदार म्हणाला, मॅडम, फोन. मी म्हटलं, असू दे, ती जांभळी दाखवा. मग तो वाजायचा थांबला, आणि परत कधी वाजला नाही.

पुढचं त्या वेळच्चेरीच्या मैत्रिणीकडून कळलं, तिची कुणी ओळखीची त्या गल्लीत राहते. मामांना शिक्षा झाली. वयाकडे बघून, आत काढले तेवढेच दिवस आणि वर दंड. पण गुन्हेगार ठरले ते ठरलेच. त्यानंतर ते सिंगापूरला गेले नाहीत. दोन वर्षांनी मुलगी नातवाला घेऊन आली, तेव्हा मामा अंथरुणावर होते. आता ते नाहीत. मामी मुलीकडे असतात. योगा कुठे आहे मला माहीत नाही. शोधलं असतं तर कदाचित सापडली असती.

मी हे लिहून कुणाला पाठवणार नाही. मामींना क्षमा मागणार नाही. त्या ती देतील अशी मला भीती वाटते. नितीन पुढच्या शनिवारी कुणालातरी जेवायला बोलावणार आहे, आणि जेवणानंतर तो ती गोष्ट सांगेल. मी त्याला थांबवेन असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मला अजून ओळखलं नाहीत.

त्या मंगळवारी मी लग्नासाठी तीन साड्या घेतल्या. त्यांतली जांभळी माझ्यासाठी होती. भावाच्या लग्नात ती नेसले. सगळ्यांनी वाखाणली. पुढेही पुष्कळदा नेसले. मला ती शोभून दिसते.